ग्रँट, यूलिसीझ एस्.

(२७ एप्रिल १८२२–२३ जुलै १८८५). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अठरावा राष्ट्राध्यक्ष (कार. १८६९–७७) आणि अमेरिकन यादवी युद्धातील उत्तरेच्या सैन्याचा सरसेनापती. त्याचा जन्म ओहायओ राज्यातील पॉइंट प्लेझंट या खेड्यात झाला. वडील जेसी रूट ग्रँट यांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. आईचे नाव हॅना सिंप्सन. मुलाचे मूळ नाव हायरम यूलिसीझ. परंतु १८३९ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीसाठी त्याची शिफारस करताना तेथील काँग्रेस-सदस्याने अनवधानाने त्याचे नाव यूलिसीझ एस्. ग्रँट असे लिहिले आणि दप्तरात एकदा शिरलेले ते नाव पुढे कायम झाले. यातील ‘एस्’ हे अक्षर आईच्या माहेरच्या आडनावाचे मानून अनेक ग्रंथांत ‘सिंप्सन’ असे छापलेले आढळते. ग्रँट स्वतः मात्र हे अक्षर कशाचेही निदर्शक नाही, असे सांगत असे. मुंबईतील ग्रँट रोड आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय यांचा या ग्रँटशी काही संबंध नाही, ती नावे मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट (कार. १८३५–३८) याच्या स्मरणार्थ दिलेली आहेत.

वडिलांच्या धंद्याचा त्याला लहानपणापासून तिटकारा होता. ओढा होता तो घोड्यांकडे. वेस्ट पॉइंट येथे अश्वारोहणात तो अग्रेसर होता. मात्र १८४३ मध्ये उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांत त्याचा क्रमांक २१ वा लागला. मेक्सिकन युद्धात (१८४६–४८) त्याने झॅकरी टेलर व विनफील्ड स्कॉट या सेनापतींच्या हाताखाली काम केले. तेथे रसदपुरवठ्याचे काम त्याच्याकडे आल्यामुळे सैन्य लढते ते धान्य, दारूगोळा आणि खेचरे यांच्या बळावर, हा धडा त्याला लवकर मिळाला. हे युद्ध बलवान राष्ट्राने दुर्बळावर लादलेले अन्याय्य युद्ध होते, असे मत त्याने उत्तरायुष्यात निःसंदिग्धपणे नोंदविले आहे. १८४८ मध्ये सेंट लूइसजवळच्या एका गुलामधारक जमीनदाराच्या मुलीशी, जूलिया डेंटशी, त्याचा विवाह झाला. पॅसिफिक किनाऱ्यावरील ठाण्यांवर बदली झाल्यावर कुटुंबाचा दीर्घ वियोग त्याला सोसवला नाही. तो मद्याच्या आहारी गेल्याची कुजबूज याच काळात सुरू झाली व तिने त्याची पाठ जन्मभर सोडली नाही. १८५४ मध्ये त्याने कॅप्टनच्या हुद्द्याचा राजीनामा दिला. परतीच्या वाटेवर न्यूयॉर्कमध्ये तो निष्कांचन अवस्थेत अडकला, तेव्हा वेस्ट पॉइंटचा जुना सोबती सायमन बकनर याने त्याला पैशाची मदत केली.

यानंतरची सहा वर्षे केवळ अपयशाची होत. सेंट लूइसजवळ शेती केली, ती बसली. रस्त्यावर उभे राहून जळाऊ लाकूड विकले. घरभाडेवसुलीचा धंदा काढला, तोही चालला नाही. या हलाखीच्या दिवसांतील एक गोष्ट मात्र नोंद घेण्यासारखी आहे. सासऱ्याकडून त्याच्याकडे आलेला विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम त्याच्या मालकीचा होता. तो विकला असता तर चांगली रक्कम हाती आली असती. मार्च १८५९ मध्ये ग्रँटने न्यायालयात जाऊन त्याला मुक्त केले. तरीही या काळात तो गुलामगिरीविरोधी चळवळीतील कार्यकर्ता नव्हता, हे विसरता कामा नये; त्याच्या सासरच्या घरी गुलाम राबतच होते. १८६० मध्ये तो इलिनॉय राज्यातील गलीना येथे वडिलांच्या कातड्याच्या दुकानात धाकट्या भावांबरोबर काम करू लागला.

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि दुकानातील या कारकुनाचे भाग्य पालटले. शिक्षित अधिकाऱ्यांची सर्वत्र वाण असल्यामुळे इलिनॉयच्या २१ व्या स्वयंसेवक पलटणीचे नेतृत्व त्याला मिळाले व थोड्याच दिवसांत तो ब्रिगेडियर जनरल झाला. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याने टेनेसी नदीवरील हेन्री व कंबरलंड नदीवरील डॉनलसन हे दोन किल्ले दहा दिवसांच्या अंतराने घेतले. डॉनलसनच्या किल्लेदाराने तहाच्या अटी विचारल्या असता ग्रँटने बिनशर्त व तत्काळ शरणागतीखेरीज दुसरी अट मान्य नसल्याचे कळविले. हा किल्लेदार म्हणजे आठ वर्षांपूर्वी त्याला पैसे देणारा सायमन बकनरच होता. उत्तरेच्या पदरी पडलेला हा पहिला मोठा विजय असल्याने ग्रँटचे नाव घरोघरी पोहोचले. दोनच महिन्यांनी शायलो येथे (६-७ एप्रिल १८६२) शत्रूने त्याला बेसावध गाठले. दुसऱ्या दिवशी कुमक येताच त्याने मैदान परत जिंकले. पण दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांवर सैनिक जखमी, मृत वा बेपत्ता झाले आणि त्याला काढून टाकावे, अशी ओरड झाली. लिंकनने ती मानली नाही. लढणाऱ्या सेनापतींची त्याच्याजवळ टंचाई होती.

ग्रँटच्या युद्धनेतृत्वाचा खरा कस व्हिक्सबर्गच्या मोहिमेत लागला. मिसिसिपी नदीच्या पूर्वतीरावरील उंच कड्यावर वसलेले हे शहर दक्षिणेच्या ताब्यात असेपर्यंत नदीची वाहतूक उत्तरेला बंद होती आणि दक्षिणेचे पूर्व व पश्चिम भाग एकमेकांना जोडलेले होते. १८६२-६३ च्या हिवाळ्यात दलदलीतून कालवे खोदून व आडवळणाच्या ओढ्यांतून नावा नेऊन शहराच्या पाठीमागे पोहोचण्याचे त्याचे सर्व प्रयत्न फसले. अखेर त्याने प्रचलित युद्धशास्त्राला धक्का देणारा बेत आखला. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री आरमारी अधिकारी डेव्हिड पोर्टर याने आपली जहाजे व्हिक्सबर्गच्या तोफांच्या माऱ्यातून खाली काढली. सैन्य पश्चिम तीरावरून चालत दक्षिणेकडे गेले, ३० एप्रिल रोजी नदी ओलांडून पूर्वतीरावर उतरले आणि पिछाडीच्या पुरवठ्यावर फारसे विसंबून न राहता मिळेल ते धान्य व जनावरे शत्रूच्या मुलखातूनच घेत पुढे सरकले. पुढील सतरा दिवसांत त्याने पाच लढाया जिंकल्या, राज्याची राजधानी जॅक्सन घेतली व दक्षिणेच्या दोन फौजांना एकत्र येऊ न देता त्यांपैकी एकीला व्हिक्सबर्गमध्ये कोंडले. प्रत्यक्ष हल्ले निष्फळ ठरल्यावर त्याने वेढा घातला. शहरातील नागरिक टेकड्यांत खोदलेल्या गुहांत राहू लागले. अन्न संपत आले. ४ जुलै १८६३ रोजी सुमारे २९ हजार सैनिकांनी शस्त्रे ठेवली. आदल्याच दिवशी गेटिझबर्ग येथे लीची चढाई परतविली गेली होती. व्हिक्सबर्ग पडल्याने दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

या मोहिमेच्या पूर्वतयारीच्या काळात ग्रँटच्या हातून एक गंभीर अन्याय घडला. चोरट्या कापूस-व्यापाराला आळा घालण्याच्या नावाखाली १७ डिसेंबर १८६२ रोजी त्याने आपल्या लष्करी विभागातून सर्व ज्यू लोकांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. काही व्यक्तींच्या गुन्ह्यासाठी एका संपूर्ण समाजाला शिक्षा करणारा हा हुकूम लिंकनने थोड्याच दिवसांत रद्द करविला. ग्रँटला त्याचा पुढे पश्चात्ताप झाला व राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने अनेक ज्यूंना जबाबदारीच्या जागा दिल्या. परंतु हुकूम त्याच्याच सहीचा होता.

नोव्हेंबर १८६३ मध्ये चॅटनूगा येथील विजयानंतर लिंकनने त्याला लेफ्टनंट जनरलचा हुद्दा देऊन मार्च १८६४ मध्ये सर्व सैन्याचा प्रमुख नेमले. सर्व आघाड्यांवर एकाच वेळी दबाव आणून शत्रूला एका आघाडीवरून दुसरीकडे कुमक हलविण्यास उसंत मिळू द्यायची नाही, हे त्याचे सूत्र होते. शर्मन जॉर्जियात शिरला. ग्रँट स्वतः व्हर्जिनियात रॉबर्ट लीच्या मागे लागला. विल्डरनेस, स्पॉट्सिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर अशा लढायांत अवघ्या सहा आठवड्यांत उत्तरेचे सुमारे ५५ हजार सैनिक मृत, जखमी वा बंदी झाले. कोल्ड हार्बरचा ३ जून रोजीचा हल्ला तर निव्वळ नरसंहार होता व त्याबद्दल ग्रँटला अखेरपर्यंत खंत वाटत राहिली. ‘खाटीक’ हे विशेषण त्याला याच काळात चिकटले. तथापि या विशेषणात पूर्ण न्याय नाही. आपल्या सैन्याच्या प्रमाणात पाहता लीची हानी कमी नव्हती. शिवाय पूर्वीचे सेनापती प्रत्येक पराभवानंतर माघारी वळत, तेथे ग्रँट दक्षिणेकडेच सरकत राहिला. जून १८६४ पासून पीटर्सबर्गभोवती खंदकांचे युद्ध सुरू झाले ते दहा महिने चालले. उत्तरेच्या सैन्यात या सुमारास मुक्त झालेले कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने लढत होते. संपूर्ण युद्धात त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर गेली. पकडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्या युद्धकैद्यांच्या बरोबरीने वागविण्यास दक्षिणेने नकार दिला, तेव्हा कैद्यांची अदलाबदल थांबविण्याच्या धोरणाला ग्रँट चिकटून राहिला.

९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटक्स येथील एका घराच्या दिवाणखान्यात लीने शरणागती पत्करली. ली नव्या गणवेशात, कमरेला तलवार लावून आला. ग्रँटच्या अंगावर साध्या शिपायाचा, चिखलाने माखलेला डगला होता. ग्रँटने घातलेल्या अटी सौम्य होत्या. सैनिकांनी पुन्हा न लढण्याचे वचन देऊन घरी जावे. अधिकाऱ्यांनी आपली वैयक्तिक शस्त्रे जवळ ठेवावीत. ज्यांचे घोडे स्वतःचे आहेत त्यांनी ते वसंतातील नांगरणीसाठी न्यावेत. जोवर ते कायदा पाळतील तोवर सरकार त्यांना उपद्रव देणार नाही. लीच्या उपाशी सैन्याला त्याने २५ हजार शिधे देवविले आणि आपल्या सैन्यात सुरू झालेली विजयाची तोफांची सलामी बंद करविली. या कराराची अंतिम प्रत ईली पार्कर या सेनेका जमातीच्या अमेरिकन इंडियन अधिकाऱ्याच्या हातची आहे. पुढे अँड्रू जॉन्सनच्या शासनाने लीवर राजद्रोहाचा खटला भरण्याचे ठरविले, तेव्हा आपल्या शब्दाचा भंग झाल्यास आपण राजीनामा देऊ, असे ग्रँटने बजावले आणि खटला बारगळला.

या युद्धाची झळ व त्याचा नफा ही दोन्ही मुंबईने अनुभविली होती. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखल्यामुळे लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड, खानदेश व गुजरात येथील कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या पैशावर मुंबईत बँका, समुद्र हटविण्याच्या कंपन्या व त्यांचे शेअर यांचा सुळसुळाट झाला. लीच्या शरणागतीची वार्ता येताच कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ च्या वायद्याच्या दिवशी प्रेमचंद रायचंदसारख्या धनाढ्यांसह असंख्य लोक बुडाले.

लिंकनच्या हत्येनंतर (एप्रिल १८६५) सत्तेवर आलेला जॉन्सन हा दक्षिणेतील जुन्या गोऱ्या वर्गाला पुन्हा सत्ता देण्याच्या व मुक्त गुलामांना नागरिकत्वाचे हक्क नाकारण्याच्या बाजूचा होता. ग्रँट प्रारंभी त्याच्याशी जुळवून घेत होता. परंतु १८६६ मध्ये मेंफिस व न्यू ऑर्लीअन्स येथे कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या आणि लष्करी अधिकाऱ्यांकडून येणारे अहवाल वाचून त्याचे मत बदलत गेले. युद्धमंत्रिपदाच्या वादात तो जॉन्सनपासून उघडपणे दुरावला. १८६८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने त्याला उमेदवारी दिली. उमेदवारी स्वीकारताना त्याने केलेले शांततेचे आवाहन पक्षाची घोषणा बनले. निर्वाचक मतांत त्याने होरेशो सीमोरवर २१४ विरुद्ध ८० असा विजय मिळविला. लोकमताचे आधिक्य मात्र सुमारे तीन लाखांचेच होते आणि दक्षिणेत प्रथमच मतदान करणाऱ्या लाखो कृष्णवर्णीयांच्या मतांवाचून ते मिळाले नसते. ४६ व्या वर्षी पदावर आलेला तो तोवरचा सर्वांत तरुण राष्ट्राध्यक्ष होता. राजकारणाचा त्याला काहीच अनुभव नव्हता.

ग्रँटच्या कारकीर्दीचे वर्णन दीर्घकाळ तिच्यातील आर्थिक घोटाळ्यांवरूनच केले गेले आहे आणि त्यांची यादी खरोखरच लांब आहे. सप्टेंबर १८६९ मध्ये जे गूल्ड व जेम्स फिस्क या सट्टेबाजांनी ग्रँटच्या मेहुण्याला हाताशी धरून सोन्याचा बाजार काबीज करण्याचा प्रयत्न केला. ग्रँटने सरकारी सोने बाजारात आणून तो उधळला, पण २४ सप्टेंबर रोजी अनेक पेढ्या बुडाल्या. मद्यावरील कर बुडविणाऱ्या कारखानदारांची व अधिकाऱ्यांची टोळी १८७५ मध्ये अर्थमंत्री बेंजामिन ब्रिस्टो याने उघडकीस आणली. तिचे धागे ग्रँटचा खासगी चिटणीस ऑर्व्हिल बॅबकॉक याच्यापर्यंत पोहोचले. कोणाही अपराध्याला सोडू नका, असे सांगणाऱ्या ग्रँटने बॅबकॉकच्या बाजूने स्वतः साक्ष दिली व तो सुटला. युद्धमंत्री विल्यम बेल्नॅप याला लष्करी ठाण्यांवरील दुकानांच्या मक्त्यांपायी लाच घेतल्याच्या आरोपावरून मार्च १८७६ मध्ये राजीनामा द्यावा लागला. ग्रँटने स्वतः पैसा खाल्ल्याचा पुरावा नाही. त्याचा दोष वेगळा होता : रणांगणावर सोबत असलेल्या माणसावर तो आंधळेपणाने विश्वास टाकी आणि श्रीमंतांच्या सहवासात त्याला संकोच वाटण्याऐवजी कौतुक वाटे. नागरी सेवेतील भरती गुणवत्तेवर व्हावी म्हणून त्याने १८७१ मध्ये पहिला नागरी सेवा आयोग नेमला होता. काँग्रेसने पैसे न दिल्याने तो बंद पडला.

परराष्ट्रव्यवहारात परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिश याच्यामुळे शासनाची बाजू सावरली गेली. इंग्लंडमध्ये बांधलेल्या ‘अलाबामा’ इ. जहाजांनी दक्षिणेच्या वतीने केलेल्या नुकसानीचा तंटा १८७१ च्या वॉशिंग्टन-तहान्वये लवादाकडे सोपविण्यात आला व जिनीव्हा येथील लवादाने १८७२ मध्ये इंग्लंडला १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई द्यावयास लावली. दोन बड्या राष्ट्रांनी युद्धाचे कारण ठरू शकणारा वाद लवादाने मिटविण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते. सांतो दोमिंगो खालसा करून घेण्याचा ग्रँटचा हट्ट मात्र सेनेटने १८७० मध्ये मोडून काढला व त्यातून चार्ल्स समनरसारखा ज्येष्ठ नेता कायमचा विरोधक झाला. यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान त्याच्याच सहीने १ मार्च १८७२ रोजी अस्तित्वात आले.

या शासनाच्या मोजमापाचा मुख्य प्रश्न मात्र घोटाळ्यांचा नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या सुमारे चाळीस लाख लोकांचे नागरिकत्व कागदावर राहणार की प्रत्यक्षात येणार, हा तो प्रश्न होता. वंश किंवा वर्ण यांवरून मताधिकार नाकारण्यास बंदी करणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये अमलात आली व ग्रँटने तिचे विशेष संदेशाद्वारे स्वागत केले. त्याच वर्षी मिसिसिपीचा हायरम रेव्हल्स हा सेनेटमध्ये बसणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. दक्षिणेतील गोऱ्यांच्या मोठ्या वर्गाला हे असह्य झाले. कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेचे लोक रात्री बुरखे घालून घोड्यांवरून येत आणि मतदान करणाऱ्या, शाळा चालविणाऱ्या किंवा स्वतःची जमीन घेणाऱ्या कृष्णवर्णीयांना फटके मारीत, घरे जाळीत, ठार करीत. स्थानिक पोलीस व पंच बहुधा त्यांचेच असत. जून १८७० च्या कायद्याने न्यायखाते निर्माण झाले आणि नवा महान्यायप्रतिनिधी अ‍ॅमस एकरमन याच्याकडे या दहशतीचा मुकाबला आला. एकरमन स्वतः एके काळी दक्षिणेच्या सैन्यात होता. एप्रिल १८७१ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाला असाधारण अधिकार मिळाले व ऑक्टोबरमध्ये ग्रँटने दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ जिल्ह्यांत बंदी-प्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित करून लष्कर पाठविले. शेकडो लोकांना अटक झाली, अनेकांनी कबुलीजबाब दिले, दोन हजारांच्या आसपास लोक प्रदेश सोडून पळाले. क्लॅनची संघटना मोडली. १८७२ ची निवडणूक दक्षिणेत त्या शतकातील सर्वांत शांततापूर्ण निवडणुकांपैकी होती. तीत ग्रँटने होरेस ग्रीलीचा सहज पराभव केला. फ्रेडरिक डग्लस हा पूर्वी गुलाम असलेला थोर नेता त्याचा उत्साही प्रचारक होता. परंतु एकरमनला ग्रँटने १८७१ च्या अखेरीसच राजीनामा द्यावयास लावले होते. रेल्वे कंपन्यांना त्याचे जमीनविषयक निर्णय पसंत नव्हते.

दुसरी कारकीर्द सुरू होऊन सहा आठवडे होतात न होतात तोच लुइझिअ‍ॅनातील कोलफॅक्स येथे १३ एप्रिल १८७३ रोजी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने न्यायालयाच्या इमारतीचा आश्रय घेतलेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. मृतांचा आकडा साठ ते दीडशे यांच्या दरम्यान मानला जातो. त्यांतील कित्येकांना शरण आल्यानंतर मारण्यात आले. योगायोग असा की, याच वर्षी पुण्याचे जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला होता. ज्या कार्याचा त्यांनी गौरव केला, त्याचे पुढचे पाऊल त्याच वेळी अडखळू लागले होते. सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुक याची पेढी बुडून आर्थिक मंदी पसरली. बेकारी व पडते भाव यांनी गांजलेल्या उत्तरेकडील मतदारांना दक्षिणेतील हिंसाचाराच्या बातम्यांचा कंटाळा येऊ लागला आणि १८७४ मध्ये प्रतिनिधिगृह डेमॉक्रॅटिक पक्षाच्या हाती गेले. चलनवाढीचे विधेयक एप्रिल १८७४ मध्ये नाकारण्याचे धैर्य ग्रँटने दाखविले, पण त्याने कर्जबाजारी शेतकरी आणखी दुरावले.

निर्णायक घटना मिसिसिपीत घडली. १८७५ च्या निवडणुकीपूर्वी तेथील गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी सभा उधळून, नेत्यांना मारून कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखण्याची मोहीम उघडपणे चालविली. गव्हर्नर अ‍ॅडेल्बर्ट एम्झ याने सप्टेंबरमध्ये संघराज्याचे सैन्य मागितले. ग्रँटचा प्रारंभीचा कल सैन्य पाठविण्याकडे होता; परंतु नवा महान्यायप्रतिनिधी एडवर्ड्झ पिअरपाँट याने विरोध केला आणि सैन्य गेले नाही. यॅझू जिल्ह्यात कृष्णवर्णीयांचे बहुमत असूनही रिपब्लिकन पक्षाला केवळ ७ मते पडली. मिसिसिपीचा कृष्णवर्णीय काँग्रेस-सदस्य जॉन लिंच याने पुढे लिहून ठेवले आहे की, याविषयी विचारले असता ग्रँटने कबूल केले : सैन्य पाठविल्यास ऑक्टोबरमध्ये ओहायओ हातचे जाईल, असे तेथील पक्षनेत्यांनी सांगितले होते. व्हिक्सबर्ग याच मिसिसिपी राज्यात आहे. बारा वर्षांपूर्वी ते घेण्यासाठी ज्याने कित्येक महिने चिखल तुडविला, त्यानेच एका राज्यातील निवडणुकीच्या हिशेबावर ते राज्य सोडून दिले, असे म्हणणे कठोर असले तरी चुकीचे नाही. मात्र दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. कोलफॅक्सच्या आरोपींची शिक्षा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च १८७६ मध्ये असा निर्णय दिला की, चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी व्यक्तींना नव्हे. त्यामुळे संघराज्याच्या हातातील मुख्य हत्यारच बोथट झाले. सार्वजनिक ठिकाणी समान वागणुकीचा हक्क देणारा १८७५ चा कायदाही त्याच न्यायालयाने १८८३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीच्या तडजोडीनंतर ग्रँटचा उत्तराधिकारी हेझ याने उरलेले सैन्य दक्षिणेतील राज्यकारभारातून काढून घेतले आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार पुढे जवळजवळ नव्वद वर्षे नाममात्र राहिला.

अमेरिकन इंडियनांविषयीच्या धोरणातही उक्ती व कृती यांचे असेच अंतर पडले. त्याने ईली पार्करला इंडियन खात्याचा प्रमुख नेमले. भ्रष्ट अधिकाऱ्यांऐवजी धर्मसंस्थांच्या प्रतिनिधींकडे राखीव प्रदेशांचा कारभार दिला. पण शांतता म्हणजे इंडियनांनी शिकार सोडून राखीव प्रदेशात बंदिस्त होणे, असाच तिचा अर्थ होता. ब्लॅक हिल्समध्ये १८७४ साली सोने सापडल्यावर १८६८ च्या तहाने सू जमातीला दिलेल्या त्या भूमीत घुसणाऱ्या गोऱ्यांना अडविणे सरकारने थांबविले व १८७६ मध्ये युद्ध पेटले.

पदमुक्त झाल्यावर मे १८७७ मध्ये ग्रँट पत्नीसह जगप्रवासास निघाला. अडीच वर्षे चाललेल्या या प्रवासात तो फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईस उतरला. मलबार पॉइंटच्या सरकारी निवासस्थानी त्याचा मुक्काम होता. तेथून तो आग्रा, दिल्लीमार्गे कलकत्त्यास व पुढे चीन-जपानला गेला. र्‍युक्यू बेटांवरून चीन व जपान यांत उद्‌भवलेल्या वादात त्याने मध्यस्थीचा प्रयत्न केला. १८८० मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारी मिळविण्याचा त्याच्या समर्थकांचा प्रयत्न छत्तिसाव्या फेरीत गारफील्डच्या निवडीने संपला. न्यूयॉर्कमध्ये फर्डिनंड वॉर्ड याच्या पेढीत त्याने आपली सर्व पुंजी गुंतविली. ती पेढी मे १८८४ मध्ये बुडाली आणि वॉर्ड लबाड निघाला. वयाच्या ६२ व्या वर्षी ग्रँट पुन्हा कफल्लक झाला. त्याच वर्षी त्याला घशाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले.

पत्नीसाठी काही ठेवावे म्हणून त्याने आत्मचरित्र लिहावयास घेतले. लेखक मार्क ट्वेन याने आपल्या प्रकाशनसंस्थेतर्फे त्याला इतर प्रकाशकांपेक्षा अधिक उदार अटी देऊ केल्या. बोलणे अशक्य झाले, तेव्हा तो चिठ्ठ्या लिहून संवाद करी. न्यूयॉर्क राज्यातील मौंट मॅग्रेगर येथे हस्तलिखित हातावेगळे झाल्यावर काही दिवसांतच त्याचे निधन झाले. दोन खंडांच्या या ग्रंथातून जूलियाला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. अनलंकृत, नेमकी व स्वतःच्या चुकांविषयी प्रांजळ अशी त्यातील भाषा अमेरिकन गद्यात आजही मानाची समजली जाते. ग्रंथ १८६५ मध्ये, युद्धाच्या अखेरीस थांबतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या आठ वर्षांविषयी त्यात विवेचन नाही. ती बाजू ग्रँटने मांडलीच नाही. ती इतरांनी मांडली. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग व त्याचे शिष्य यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिणेच्या पुनर्रचनेचे चित्र लुटारू व अडाणी लोकांचे राज्य म्हणून रंगविले. त्या चित्रात ग्रँटला मद्यपी, खाटीक आणि भ्रष्टांचा पोशिंदा ही भूमिका मिळाली. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस याने १९३५ मध्ये त्यास दिलेले आव्हान बराच काळ दुर्लक्षित राहिले. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर, विशेषतः एरिक फोनर याच्या १९८८ च्या ग्रंथानंतर, हे मत पालटत गेले. इतिहासकारांच्या एका पाहणीत २००० साली राष्ट्राध्यक्षांत ३३ वा असलेला ग्रँटचा क्रमांक २०२१ साली २० वर आला.

८ ऑगस्ट १८८५ रोजी न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या त्याच्या अंत्ययात्रेत शवपेटीचे मानकरी म्हणून शर्मन व शेरिडन यांच्या बरोबरीने दक्षिणेचे दोन सेनापती चालत होते. त्यांपैकी एक जोसेफ जॉन्स्टन. दुसरा डॉनलसनचा किल्लेदार सायमन बकनर. हडसन नदीकाठच्या त्याच्या भव्य समाधीचे उद्‌घाटन त्याच्या पंचाहत्तराव्या जयंतीस, २७ एप्रिल १८९७ रोजी झाले.